जुन्या गाडीचा हेडलाइट स्विच बदलताना

हेडलाइट मंद पडले, मध्येच जाऊन परत आले, किंवा नॉब हलवल्याशिवाय लागेनात, की पहिला संशय स्विचवर जातो. बऱ्याचदा तो खराही असतो. १९५० ते १९७०च्या दशकांतल्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डमधल्या या एकाच स्विचमधून जातो. मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसतो, काही गाड्यांत तर फ्यूजही नसतो. इतकी वर्षं दोन छोट्या कॉन्टॅक्टवरून नऊ-दहा अँपिअर वाहत राहिले, तर ते कधीतरी जळणारच.

स्विच बदलणं हे तसं दोन-तीन तासांचं काम. पण नवा स्विच टाकल्यावर काही महिन्यांत तीच तक्रार परत येणाऱ्या गाड्याही कमी नाहीत. जुना कशाने जळला हे कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणून डॅशबोर्ड उघडण्याआधी थोडा वेळ मीटर घेऊन बसा.

दोष नेमका कुठे आहे

दिवे कसे वागतात यावरून निम्मं निदान होतं. एकाच बाजूचा हेडलाइट मंद असेल तर स्विचला हात लावू नका. स्विच दोन्ही दिव्यांना एकत्रच करंट देतो, त्यामुळे दोष त्या बाजूच्या बल्बमध्ये, होल्डरमध्ये किंवा अर्थमध्ये (बॉडीशी असलेल्या जोडणीत) असणार. अप्पर लागतो पण डिपर लागत नाही, किंवा उलट, तर डिपर स्विच बघा. तो पायाजवळ असेल तर बुटांबरोबर येणारं पाणी आणि चिखल खाऊन आतून गंजलेला असतो. पार्किंग, टेललाइट, मीटरचे दिवे सगळे व्यवस्थित, पण अप्पर-डिपर दोन्ही बंद, असं असेल तर मुख्य स्विच किंवा त्यापासून डिपर स्विचकडे जाणारी वायर. नॉब फिरवताना फक्त मीटरचे दिवे लुकलुकत असतील तर आतला रिओस्टॅट (मीटरच्या दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा भाग) गेला आहे, हेडलाइटचे कॉन्टॅक्ट कदाचित ठणठणीत असतील.

जुन्या अमेरिकन गाड्यांत एक वेगळाच प्रकार दिसतो. हेडलाइट पंधरा-वीस मिनिटं चांगले चालतात, मग एकदम बंद होतात आणि थोड्या वेळाने आपोआप लागतात. या स्विचच्या आत बायमेटलच्या पट्टीचा सर्किट ब्रेकर असतो. लोड वाढला की पट्टी तापून वाकते आणि सर्किट तोडते, गार झाली की पुन्हा जोडते. फ्यूज उडाला तर रात्री रस्त्यावर कायमचा अंधार होतो, तो टाळायला केलेली ही सोय. ब्रेकर असा तुटत असेल तर आधी करंट मोजा. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर फारच सोपं. ५५ वॅटचे दोन बल्ब डिपरवर साधारण नऊ अँपिअर घेतात. करंट तेवढाच असूनही ब्रेकर तुटत असेल तर तो म्हातारा झालाय, किंवा शेजारचा जळका कॉन्टॅक्ट त्याला तापवतोय. दोन्ही परिस्थितींत स्विच बदलायचा. पण मीटर पंधरा-सोळा दाखवत असेल तर कुणीतरी १०० वॅटचे बल्ब घातलेत किंवा कुठेतरी वायर घासून शॉर्ट होतेय. इथे नवा स्विच टाकणं म्हणजे त्याचाही बळी देणं.

आता मोजमाप. स्विच काढून ओहमवर तपासायची सवय अनेकांना असते, पण या कामात ती फसवते. समजा कॉन्टॅक्टवर कार्बन धरून ०.१ ओहमचा रोध तयार झालाय. साध्या मल्टीमीटरच्या लीडचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो, त्यात हा दिसणार कसा? मीटर बीप देईल आणि स्विच पास होईल. पण त्याच ०.१ ओहममधून नऊ अँपिअर वाहिले की ०.९ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि जवळजवळ ८ वॅट उष्णता त्या टिचभर जागेत तयार होते. स्विचचा बॅकेलाइट (जुन्या प्रकारचं कडक प्लास्टिक) तपकिरी होतो, स्प्रिंगचा ताण जातो, कॉन्टॅक्ट आणखी सैल होतो, आणखी तापतो.

म्हणून लोडवर मोजा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, हेडलाइट लावा, डिपरवर ठेवा. एक प्रोब स्विचच्या इनपुट टर्मिनलला, दुसरा हेडलाइटच्या आउटपुट टर्मिनलला, कपलर (स्विचला वायर जोडणारा प्लग) न काढता मागून खुपसून. मीटर जे दाखवेल तो स्विचमध्ये वाया जाणारा व्होल्टेज, म्हणजेच ड्रॉप. ०.२च्या आत असेल तर स्विच निर्दोष. ०.५च्या वर असेल तर त्याचे दिवस भरले. मधल्या आकड्यांत नॉब दोन-चार वेळा आत-बाहेर करून पुन्हा मोजा. दरवेळी वेगळा आकडा येत असेल तर कॉन्टॅक्ट गेलेला आहे.

तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून स्विचच्या इनपुटपर्यंत, आउटपुटपासून बल्बच्या होल्डरपर्यंत, आणि बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजून ठेवा. गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असेल, तर ध्रुव उलटे धरा. बॅटरीपासून स्विचपर्यंतच ०.७ व्होल्ट पडत असतील तर चोर मागे आहे: फ्यूज बॉक्स, अँमीटरचे नट, किंवा फायरवॉलमधला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातला) कपलर. अर्थ बाजूला ०.२च्या वर काही दिसलं तर दिव्यामागचा अर्थचा बोल्ट काढून पत्रा लखलखीत होईपर्यंत घासा. हे आकडे क्षुल्लक वाटतात, पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के कमी झाला की उजेड जवळपास ३० टक्के जातो. सहा व्होल्टच्या गाड्यांत, म्हणजे १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक अमेरिकन गाड्यांत, तेवढ्याच वॅटला दुप्पट करंट लागतो, त्यामुळे तिथे अर्धा व्होल्टही फार महागात पडतो.

शेवटची खात्री जंपरने करा. अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर, तिच्यात २० अँपिअरचा इनलाइन फ्यूज. इनपुट आणि हेडलाइटचं आउटपुट क्षणभर जोडा. दिवे एकदम उजळले तर स्विचच दोषी.

टर्मिनल ओळखणं

जर्मन गाड्यांच्या स्विचवर नंबर कोरलेले असतात: ३० म्हणजे बॅटरीचा कायम लाइव्ह, ५६ हेडलाइट, ५८ पार्किंग-टेल-नंबर प्लेट. डिपर स्विचवर ५६ए म्हणजे अप्पर आणि ५६बी म्हणजे डिपर. ब्रिटिश गाड्यांत ल्यूकस कंपनीच्या वायरिंगचे रंग बोलतात. ब्राउन कायम लाइव्ह, निळी मुख्य स्विचकडून डिपर स्विचकडे, निळी-पांढरी अप्पर, निळी-लाल डिपर, लाल पार्किंग, काळी अर्थ. अमेरिकन स्विचमध्ये बहुधा एकाच मोठ्या कपलरमध्ये सात-आठ वायर असतात आणि बॅटरीचे दोन वेगळे फीड मिळू शकतात, एक ब्रेकरमधून हेडलाइटला आणि दुसरा फ्यूजमधून टेललाइटला. त्यामुळे हेडलाइट गेले तरी टेललाइट चालू राहतात.

पण पन्नास वर्षांच्या गाडीत किती मेकॅनिकांचे हात लागले असतील, सांगता येत नाही. रंगांवर किंवा पुस्तकातल्या आकृतीवर विसंबून वायर सोडू नका. प्रत्येक वायरला मास्किंग टेपचा झेंडा लावा, त्यावर टर्मिनलचा नंबर लिहा आणि फोनवर दोन बाजूंनी फोटो काढा. एक फोटो असा हवा की स्विचची वरची बाजू कुठली ते कळेल. गोल स्विच हातात आला की वर-खाली लगेच विसरायला होतं.

नवा स्विच

जुना बाहेर काढून हातात येईपर्यंत नवा मागवू नका, हा सल्ला आळशी वाटेल पण तोच बरोबर आहे. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक टर्मिनलची संख्या, शाफ्टची लांबी आणि चुडीचा व्यास बदलतो. जुळवायच्या गोष्टी: टर्मिनल किती आणि कुठे, ६.३ मिलिमीटरच्या पट्टीचे की स्क्रूचे, डॅशबोर्डच्या भोकातून जाणाऱ्या मानेची लांबी, स्विच गरगरू नये म्हणून असलेली खाच किंवा जीभ, रिओस्टॅट आहे का, छतावरच्या दिव्याचा कॉन्टॅक्ट आहे का.

कंपनीचा जुना न वापरलेला स्विच मिळाला तर नवीन बनावटीच्या नकलेपेक्षा तो घ्यावा, असं आमचं मत. नकलेत कॉन्टॅक्टची पितळी पट्टी पातळ असते आणि रिव्हेट सैल असतात. मात्र वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या स्विचचं आतलं ग्रीस वाळून मेणासारखं होतं. बसवण्याआधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करा आणि टेबलावरच बॅटरी व हेडलाइटचा बल्ब जोडून ड्रॉप मोजा.

जुनाच उघडून दुरुस्त करता येतो का? ज्याच्या पत्र्याच्या पाकळ्या वाकवून झाकण निघतं, तो येतो. कॉन्टॅक्ट नुसते काळे असतील तर क्लीनर आणि साध्या खरखरीत कागदाची पट्टी पुरते. जाड पॉलिश पेपरने किंवा कानशीने घासू नका, वरचा चांदीचा पातळ थर निघून गेला की खालचं पितळ लवकर जळतं. खड्डे पडले असतील, प्लास्टिक वितळलं असेल किंवा टर्मिनलचा रिव्हेट बोटाने हलत असेल तर त्यात जीव अडकवू नका. हलणाऱ्या रिव्हेटवर वरून सोल्डर मारणं ही घरी पोचण्यापुरती मलमपट्टी आहे.

जुना स्विच काढणं

बॅटरी सोडा. जो टर्मिनल बॉडीला जोडलेला आहे तो आधी काढायचा. बहुतेक गाड्यांत तो निगेटिव्ह असतो, पण जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह असतो; एमजीबी ही स्पोर्ट्स कार १९६७पर्यंत पॉझिटिव्ह अर्थची होती. अर्थचा टर्मिनल आधी सोडला की पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. ही पायरी अजिबात चुकवू नका, चावी बंद असली तरी स्विचचं इनपुट लाइव्हच असतं. ती वायर फ्यूजशिवायची असेल आणि डॅशबोर्डच्या पत्र्याला लागली तर संपूर्ण वायरिंग धुमसायला काही सेकंद पुरतात.

पुढची अडचण नॉबची, आणि नॉब तुटण्याचे बहुतेक प्रसंग इथेच घडतात. जोर लावण्याआधी तो कसा धरलाय ते शोधा.

ओढायच्या अमेरिकन स्विचमध्ये नॉब आणि शाफ्ट एकत्रच निघतात. नॉब पूर्ण बाहेर, हेडलाइटच्या स्थितीत ओढा, डॅशबोर्डखालून हात घालून स्विचच्या अंगावरचं स्प्रिंगचं छोटं बटण चाचपडा, ते दाबून धरा आणि शाफ्ट सरळ बाहेर ओढा. नॉब आत ढकललेला असेल तर बटण दाबूनही शाफ्ट सुटत नाही. जुन्या फोक्सवॅगन बीटलचा नॉब उलटा फिरवला की चुडीवरून निघतो. ब्रिटिश गाड्यांच्या नॉबखाली बारीक भोक असतं, त्यात टाचणीसारखी सळई घालून आतली स्प्रिंगची खिट्टी दाबायची आणि नॉब ओढायचा. काही नॉबना बाजूने बारीक ग्रब स्क्रू असतो, वर्षानुवर्षांच्या मळाने तो बुजलेला असतो. रॉकर पद्धतीचा स्विच मागून दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या जिभा दाबून पुढे ढकलायचा. इथे जिभा ठिसूळ असतात, हिवाळ्याच्या दिवसात आधी केस वाळवायच्या ड्रायरने किंचित गरम करून घ्या.

नॉबमागे खाचांची गोल नट असते. तिच्यासाठी खास पाना मिळतो. नसेल तर नोज प्लायरची टोकं खाचांत बसवून फिरवता येते, पण टोकांना टेप गुंडाळा आणि डॅशबोर्डवर मास्किंग टेपचे दोन थर लावा. प्लायर एकदा घसरला की क्रोमवर आणि रंगावर ओरखडा राहतो तो कायमचा. नट निघाली की स्विच मागे ढकलून खाली घ्या. वायर कपलरला धरून ओढा, वायरला नाही. कपलर चिकटला असेल तर तो बहुधा वितळलेला असतो, हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवत काढा.

कपलर, ज्याच्याकडे कुणी बघत नाही

नवा स्विच लवकर जळण्याचं सगळ्यात मोठं कारण हे. जुना स्विच तापला तेव्हा कपलरमधल्या क्लिपाही तापल्या, त्यांचा ताण गेला. नव्या स्विचच्या चकचकीत पट्टीवर ती सैल क्लिप बसवली की तिथेच नवा रोध तयार होतो आणि उष्णता पट्टीतून थेट स्विचच्या आत जाते.

कपलर उजेडात धरून बघा. एखाद्या खणाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी, फुगलेलं किंवा खडबडीत असेल तर ती वायर लोडची आहे आणि तिची क्लिप बदलायचीच. पट्टी घालून काढून बघा: चांगली क्लिप घट्ट पकडते, गेलेली नुसती सरकते. पकडीने किंचित चेपून ती घट्ट वाटेल, पण तापलेल्या पितळात स्प्रिंग परत येत नाही, दोन आठवड्यांत पुन्हा सैल.

क्लिप कापल्यावर वायरचं तांबं बघा. काळं असेल तर लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. कधी दोन-तीन सेंटिमीटर लागतात, कधी दहा. लांबी कमी पडली तर त्याच किंवा त्याहून जाड वायरचा तुकडा जोडा. हेडलाइटच्या आणि इनपुटच्या वायरसाठी २.५ स्क्वेअर मिलिमीटर. नवी क्लिप योग्य क्रिम्पिंग प्लायरने दाबा, साध्या पक्कडीने नाही, आणि हाताने चांगला झटका देऊन ओढून बघा. वर हीट श्रिंक स्लीव्ह. काळ्या तांब्यावर सोल्डर धरतच नाही, आणि धरलं तरी सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन मोडते.

बसवणं आणि तपासणी

आधी डॅशबोर्डबाहेरच कपलर जोडून घ्या, मग स्विच मागून भोकात आणा. आत बसल्यावर हाताला जागा उरत नाही. स्विचची जीभ खाचेत बसली आहे ना हे नट आवळण्याआधी बघा. नट हाताने पूर्ण, मग जेमतेम पाव फेरा. लाकडी किंवा प्लास्टिकचा डॅशबोर्ड जास्त आवळल्याने तडकतो. ओढायच्या स्विचमध्ये शाफ्ट शेवटी घाला, टक् असा आवाज येईपर्यंत, आणि मग हलकेच ओढून अडकलाय याची खात्री करा. मागे हात फिरवून बघा की एकही वायर वायपरच्या दांड्याला, स्टिअरिंगच्या कॉलमला किंवा पत्र्याच्या धारेला लागत नाही.

बॅटरी थेट जोडू नका. अर्थचा टर्मिनल आणि बॅटरीचा पोल यांच्या मध्ये २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब जोडा. दरवाजे बंद, सगळं बंद. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्ब दोन अँपिअरपेक्षा जास्त जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळणार नाही. विझलेला राहिला तर बल्ब काढून टर्मिनल जोडा.

मग क्रमाने: पहिल्या टप्प्यावर पार्किंग, टेल, नंबर प्लेट, मीटर. दुसऱ्यावर हेडलाइट, अप्पर-डिपर आणि अप्परचा इंडिकेटर. रिओस्टॅट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शेवटी इंजिन चालू करून हेडलाइट वीस मिनिटं तसेच ठेवा आणि मागे हात घालून कपलर चाचपा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर एखादी क्लिप अजून सैल आहे. पुन्हा ड्रॉप मोजा, ०.२च्या आत यायला हवा.

रिले

गाडी रात्री खरंच चालवायची असेल तर रिले घालावेतच. मूळ स्वरूप जपणाऱ्यांना हे आवडत नाही, पण रिले दिसणार नाहीत असे बसवता येतात आणि एकही मूळ वायर कापावी लागत नाही. रिलेच्या कॉइलला ०.१५ ते ०.२ अँपिअर लागतो, म्हणजे स्विचवरचा नऊ अँपिअरचा लोड नगण्य होतो.

दोन रिले घ्या, एक अप्परला, एक डिपरला, ३० किंवा ४० अँपिअरचे. रिलेच्या टर्मिनलवर नंबर असतात: हेडलाइटकडे जाणारी मूळ वायर ८६ला, ८५ अर्थला. ३०ला बॅटरीकडून २.५ स्क्वेअरची वायर, तिच्यावर बॅटरीजवळच फ्यूज. ८७पासून दोन्ही दिव्यांना वेगवेगळ्या वायर आणि प्रत्येकीला वेगळा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज, म्हणजे एक उडाला तरी दुसरा दिवा राहतो. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आत डायोड असलेला रिले घेऊ नका, तो ध्रुव उलटे लागताच शॉर्ट करतो. रोध असलेला किंवा साधा रिले चालतो.

रिले आहेत म्हणून १०० वॅटचे बल्ब घालायला मोकळीक मिळत नाही. ल्यूकसचा सी४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. १०० वॅटचे दोन बल्ब त्यातले सोळा-सतरा खातात, उरलेल्यात इग्निशन, वायपर आणि टेललाइट भागवायचे. डायनॅमोच्या गाडीत ५५/६० वॅटच्या पुढे जाऊ नका.